एका नेमस्पेसमधले जॉब नेमके कोणाचे?

कुबरनेटिस ही कंटेनर, म्हणजे बांधून ठेवलेले प्रोग्राम, अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली. नेमस्पेस म्हणजे तिच्यातला एक कप्पा आणि जॉब म्हणजे एकदा चालून संपणारं काम. दोन-तीन डेटा क्लस्टर (डेटावर काम करणाऱ्या प्रणाली) आपापली बॅच कामं कुबरनेटिसच्या एकाच नेमस्पेसमध्ये पाठवतात, तेव्हा कोणता जॉब कोणाचा हे नेमस्पेस सांगत नाही. ते तिचं कामच नव्हे. एकाच नावाच्या दोन गोष्टी आदळू नयेत, कोटा आणि परवानग्या लावायला हद्द मिळावी, एवढ्यासाठी ती आहे. तरीही वाटून घ्यावी लागते, कारण नवी नेमस्पेस म्हणजे नवा कोटा, नव्या परवानग्या आणि बहुतेक ठिकाणी प्लॅटफॉर्म टीमच्या मागे लागणं.

या घोळाचं मूळ बोर्गपर्यंत, म्हणजे यंत्रांवर कामं वाटणाऱ्या गूगलच्या अंतर्गत प्रणालीपर्यंत जातं. तिथे टास्कचा गट करायचा तर जॉब हा एकच मार्ग होता. त्यामुळे लोक सगळी माहिती जॉबच्या नावातच कोंबत आणि मग ती नावं फोडून वाचणारी साधनं लिहीत. 2014 मध्ये जाहीर झालेल्या कुबरनेटिसने हा धडा घेऊन लेबलं, म्हणजे वस्तूंना लावायच्या नाव-मूल्याच्या चिठ्ठ्या, आणली. ती लवचीक खरी, पण कोणीही कोणतंही लेबल लावू शकतं. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचं एकक) सांभाळणाऱ्या दोन कंट्रोलरांचे सिलेक्टर, म्हणजे लेबलांवरून पॉड निवडायचे नियम, जुळले की ते एकमेकांचे पॉड आपलेच म्हणून मोजत. म्हणून 2016 मध्ये, 1.2 आवृत्तीच्या सुमारास, जॉबचा सिलेक्टर त्याच्या यूआयडीवरून (एकमेव ओळखक्रमांकावरून) आपोआप ठरू लागला. पुढे ओनर रेफरन्सनेही, म्हणजे पॉडवरच मालकाची नोंद ठेवून, मालकी पक्की केली. पॉड कोणत्या जॉबचा, हा प्रश्न तिथे मिटला.

पण तो जॉब बाहेरच्या कोणत्या क्लस्टरचा, हा प्रश्न उरलाच. 2018 मध्ये डेटावर प्रक्रिया करणारं स्पार्क 2.3 आणि कामांचा क्रम लावणारं एअरफ्लो 1.10 थेट कुबरनेटिसवर कामं पाठवू लागले. स्पार्क प्रत्येक ॲप्लिकेशनचा आयडी लेबलात घालतो, त्यामुळे तिथे फार अडत नाही. अडतं ते रीस्टार्टनंतर ‘माझे चालू जॉब कोणते?’ असं नेमस्पेसला विचारणाऱ्या प्रणालींचं. ड्रुइड या डेटाबेसमधला कामं वाटणारा भाग, ओव्हरलॉर्ड, त्यातलाच. सगळ्याच क्लस्टरांच्या कामांवर एकच सरधोपट लेबल असेल, तर उत्तरात शेजाऱ्याचे जॉबही येतात. नुसते यादीत दिसले तर निभावतं. जुने जॉब साफ करणारा कोड तीच यादी वापरत असेल तर दुसऱ्याचं काम पुसलं जातं. ड्रुइडमध्ये पुढे ओव्हरलॉर्डची नेमस्पेस सांगणारं लेबल आलं ते यासाठीच.

नावांचा त्रास वेगळाच. जॉबचं नाव पॉडच्या लेबलातही उतरतं आणि लेबलाच्या मूल्याला 63 अक्षरांची मर्यादा आहे. लांब नावं कापली जातात आणि वेगळेपण नेमकं शेपटात असेल तर दोन क्लस्टरांची नावं एक होतात. दुसऱ्याला ‘आधीच अस्तित्वात आहे’ अशी एरर मिळते. तिचा अर्थ ‘माझा जॉब सुरू झालाय’ असा लावणारा कोड परक्याच जॉबची वाट पाहत बसतो. क्लस्टरची ओळख नावाच्या सुरुवातीला किंवा हॅशमध्ये (पूर्ण नावावरून काढलेल्या छोट्या सांकेतिक मजकुरात) घातलेली बरी, असं माझं मत.

मात्र लेबल हा आपसातला करार आहे, कुंपण नव्हे. 2017 मध्ये 1.8 आवृत्तीत स्थिर झालेल्या आरबॅकमध्ये, म्हणजे भूमिकेनुसार परवानग्या देणाऱ्या व्यवस्थेत, नियम नेमस्पेस, रिसोर्सचा प्रकार, फार तर नाव यांवर लिहिता येतो, लेबलावर नाही. ज्या सर्व्हिस अकाउंटला (प्रोग्रामच्या खात्याला) जॉब पुसायची सरसकट मुभा आहे, त्याला तिथले सगळेच जॉब पुसता येतात. आणि ज्याला पॉड तयार करता येतो, तो त्याच नेमस्पेसमधलं कोणतंही सीक्रेट (पासवर्डसारखी जपून ठेवलेली माहिती) त्या पॉडला जोडून वाचू शकतो. क्लस्टर एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या टीमांचे नसतील, तर प्लॅटफॉर्म टीमच्या मागे लागून वेगळी नेमस्पेस घ्यावीच लागते.