प्रथिने

प्रथिने : ॲमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांपासून बनलेले, सजीव पेशींतील बहुतेक कामे पार पाडणारे पदार्थ. प्रथिनांत सर्वसाधारणपणे २० प्रकारची ॲमिनो आम्ले आढळतात. ती पेप्टाइड बंधांनी ज्या क्रमाने जोडलेली असतात, त्यावर साखळीची घडी ठरते आणि घडीवर प्रथिनाचे काम.

हा क्रम म्हणजे प्राथमिक संरचना. साखळीचे काही भाग मळसूत्रासारखे वळतात किंवा चुणीदार पट्ट्यांसारखे लगत बसतात, ती द्वितीयक. सबंध साखळीची त्रिमितीय घडी ती तृतीयक. आणि अनेक साखळ्यांची जुळणी ती चतुर्थक संरचना होय.

रक्तातील हीमोग्लोबिनात अशा चार साखळ्या असतात : १४१ ॲमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ च्या दोन बीटा. बीटा साखळीत सहाव्या जागी विद्युतभार असलेल्या ग्लुटामिक आम्लाऐवजी पाण्यापासून दूर राहू पाहणारे व्हॅलिन आले, की ऑक्सिजन सुटताच हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे कडक धागे होतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य ठणकू लागतात. हाच सिकलसेल आजार. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील आदिवासी आणि इतर समाजांतही तो आढळतो. गावातील तपासणीत बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा झाल्या, तर दोष आहे असे समजतात, कारण सदोष हीमोग्लोबिन त्यात विरघळत नाही. ती व्यक्ती केवळ वाहक (एकाच पालकाकडून दोष मिळालेली) आहे की रुग्ण, हे मात्र विजेच्या साहाय्याने हीमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने कळते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी ही तपासणी व्हायला हवी.

आकारानुसार प्रथिनांचे तंतुमय आणि गोलाकार असे दोन ढोबळ प्रकार पडतात. हीमोग्लोबिन दुसऱ्या प्रकारातले. पहिल्याचे उदाहरण भंडारा-गडचिरोलीकडील टसर रेशमाच्या कोशात मिळते : कोसा सोड्याच्या पाण्यात उकळला, की सेरिसीन हे डिंकासारखे प्रथिन सुटून जाते आणि घट्ट चुण्यांच्या रचनेमुळे न विरघळणारे फायब्रॉइन धागा म्हणून हाती येते. केस व नखांतील केराटीनही तंतुमयच.

पेप्सिनासारखी पाचक विकरे, इन्शुलिन हे संप्रेरक, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे आणि स्नायूंचे आकुंचन घडवणारी ॲक्टिन व मायोसिन ही सर्व प्रथिनेच आहेत.

आहारातून मिळालेल्या प्रथिनांचे पचनात सुटे झालेले घटक वापरून शरीर स्वतःची प्रथिने घडवते. त्यांपैकी नऊ ॲमिनो आम्ले प्रौढ माणसालाही अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारीत या नवांपैकी लायसीन कमी असते, तर तुरीत मेथिओनीन. त्यामुळे भाकर आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. सोयाबीन प्रथिनांनी समृद्ध असले, तरी कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात. पुरेशा उष्णतेने त्यांची घडी उलगडते आणि अडवण्याची शक्ती जाते, म्हणून सोयाबीन नीट शिजवून किंवा भाजूनच खावे.