मडगार्डातली बॅटरी

मामाच्या जुन्या पिकअपला मी पहिल्यांदा हात लावला तो फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन. गाडी शेवरोले, मामाच्या म्हणण्याप्रमाणे शिवडीला जोडलेली, म्हणजे जनरल मोटर्सचा तो कारखाना जो १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद पडला. आम्ही बोनेटवर मॅग्नेट लावला, टक्कन चिकटला. डाव्या मडगार्डावर लावला, चिकटला. मग हेडलाइटच्या मागच्या फुगीर भागावर लावला आणि तो सरळ खाली माझ्या चपलेवर पडला. डेंटर चाचा काही बोलले नाहीत, त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून तिथं हलकेच टोचलं आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून चकचकीत निळा रंग, खाली बोटभर पुट्टी आणि पत्रा म्हणाल तर चहाच्या चोथ्यासारखा काहीतरी भुगा.

"ये रंग के भरोसे खडी थी गाडी," चाचा म्हणाले.

आता माझा प्रश्न असा होता की बोनेट, जे दिवसभर उन्हापावसात उघडं असतं, ते ठणठणीत, आणि हेडलाइटच्या मागची जागा, जिथं पाऊस थेट पडतही नाही, ती सडलेली, हे उलटं कसं काय? गंज म्हणजे लोखंडाला हवा आणि पाणी लागलं की होतो, असं आपण शाळेत शिकलो. मग जिथं हवा जास्त तिथं गंज जास्त हवा ना? इथंच खरी गंमत आहे, आणि ही गंमत कळली नाही तर माणूस आयुष्यभर लाल रंग खरवडत बसतो आणि गाडी आतून खलास होत राहते.

गंज हा डाग नाही, ती चालू बॅटरी आहे. लोखंडाच्या एका जागी अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात, म्हणजे पत्रा झिजतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथं हवेतला ऑक्सिजन नि पाणी त्यांना उचलून घेतात. पत्रा ही वायर, ओलावा हे बॅटरीतलं पाणी. झिजणारी जागा वेगळी आणि ऑक्सिजन घेणारी जागा वेगळी असू शकते, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवलं. घासलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यात दोन रसायनं, एक विरघळलेलं लोखंड दिसलं की निळं होणारं आणि दुसरं इलेक्ट्रॉन घेणाऱ्या जागी गुलाबी होणारं. थोड्या वेळानं थेंबाची कडा गुलाबी होते आणि मधला भाग निळा. म्हणजे कडेला, जिथं हवा सहज पोचते, तिथं ऑक्सिजन घेतला जातो, आणि मध्यभागी, जिथं हवा पोचत नाही, तिथं लोखंड झिजतं. लाल गंज कुठं साठतो? दोघांच्या मध्ये, कड्यासारखा. म्हणजे जिथं लाल दिसतं तिथंच खड्डा असतो असंही नाही!

हे घरी बघायचं असेल तर गॅसचा सिलिंडर उचला. अंगाला फारसं काही झालेलं नसतं, पण खालची कडी जिथं ओल्या फरशीला टेकते तिथं गोल तांबडा ठसा.

मडगार्डाचं तेच झालेलं. पुढचं चाक चिखल उडवतं, तो हेडलाइटच्या वाटीमागे जाऊन बसतो, तसाच मडगार्ड जिथं केबिनला बोल्टनं आवळलेलं असतं त्या फटीत बसतो. वरून वाळतो, आतून महिनोन्‌महिने ओला. चिखलाखाली हवा नाही, बाहेर हवाच हवा, झाली बॅटरी तयार. त्यात दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्डिंगचे ठिपके मारलेले, त्यांच्या मधल्या जागेत कारखान्यातसुद्धा कधी रंग पोचलेला नसतो. पाणी मात्र पोचतं, बारीक फटीत ते आपोआप ओढलं जातं, वातीत तेल चढतं तसं.

आणि मग मुंबई. इथं पावसाबद्दल तक्रार करायची पद्धत आहे पण पत्र्याला पावसापेक्षा मीठ जास्त बाधतं. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येऊन बसतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, तेच तुमच्या गाडीच्या फटीत चाललेलं असतं. म्हणजे पाऊस नसला, गाडी शेडमध्ये असली, तरी मुंबईत पत्रा पूर्ण कोरडा असा फार थोडा वेळ असतो. वडाळ्याच्या, भांडुपच्या मिठागरांच्या गावात गंजाला आमंत्रण कशाला हवं!

आणखी एक. गंज लोखंडापेक्षा जागा जास्त खातो, दुपटीपासून कितीतरी पट, प्रकारावर अवलंबून. म्हणून जोडावरचा रंग आधी फुगतो. आपल्या जुन्या बिल्डिंगांचे छज्जे पडतात तेही याचमुळे, आतली सळई गंजून फुगते आणि सिमेंटचा पोपडा बाहेर ढकलते. मडगार्डाच्या कडेचे दोन पत्रे असेच एकमेकांपासून उचकटलेले होते, मामाला वाटलेलं कुणीतरी ठोकलंय.

तर आता काढायचा कसा. इथं मी शहाणपणा केला तो सांगतो. हेडलाइटची जुनी रिंग मी घरी नेली आणि बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये टाकली. दहा मिनिटांत पांढरी लख्ख! खूश होऊन धुतली, पुसली, झोपलो. सकाळी रिंग नारिंगी, आणि शेजारच्या फळीवरच्या पकडी, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना तांबूस लव फुटलेली. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याच्या वाफा सगळीकडे बसतात, आणि रिंगच्या बारीक खड्ड्यांत राहिलेलं क्लोराइड म्हणजे परत मीठच की. गंज काढून मी गंजाचं बी पेरलं होतं.

चाचांच्या गॅरेजात मग आम्ही विजेचा उपाय केला. अर्धा कापलेला निळा प्लास्टिकचा ड्रम, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा, लिटरमागे चमचाभर. ग्रिलची आडवी पट्टी बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, आणि पॉझिटिव्हला जुन्या सळयांचे तुकडे, पट्टीला न टेकता. चार्जर लावला की पट्टीवरून बुडबुडे निघतात, गंजाचा काही भाग काळा होतो आणि सैल होऊन पोपडे गळतात, चांगलं लोखंड मात्र जागेवर राहतं. बॅटरी उलटी फिरवलीय एवढंच, आधी लोखंड इलेक्ट्रॉन देत होतं, आता आपण त्याला जबरदस्तीनं देतोय. गेलेलं लोखंड परत येत नाही हां, खड्डा तो खड्डाच.

यात तीन गोष्टींत चूक करू नका. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. सळयांऐवजी स्टीलच्या ताटल्या-वाट्या लावायच्या नाहीत, स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि बुडबुडे म्हणजे हायड्रोजन: पाच ॲम्पियरनं तासाला साधारण सव्वादोन लिटर, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीनं पेटतो. म्हणून ड्रम बाहेर, उघड्यावर, आणि क्लिप काढायच्या आधी चार्जर बंद. चाचा बिडी ओढत शेजारी उभे राहायचे, त्यांना हे पटवायला मला अर्धा दिवस लागला.

पूर्ण मडगार्ड काही ड्रममध्ये मावत नाही. सँड ब्लास्टिंगवाल्याकडे द्यावं असं मामाचं मत होतं, मी नको म्हटलं. चासीला ठीक आहे, पण वाळूच्या माऱ्यानं पसरट पत्रा ताणला जाऊन वेडावाकडा होतो, शिवाय ती वाळूची धूळ फुप्फुसाला फार वाईट. आम्ही ग्राइंडरला वायर ब्रश लावून मोकळं केलं आणि खड्ड्यांत उरलेल्या लालीवर फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध फासलं. ते उरलेल्या गंजाचं लोहफॉस्फेट करतं, काळपट, पाण्यात न विरघळणारं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्यामागेही फॉस्फरसच आहे, त्या लोखंडात तो भरपूर आहे आणि त्यानं वर फॉस्फेटचा पातळ थर धरलाय. अर्थात दिल्लीची हवा कोरडी, हेही विसरू नका.

दुसऱ्या प्रकारचं औषध टॅनिनचं असतं आणि ते तर आपल्या ओळखीचं. लोखंडी विळीवर आवळा चिरला की तो काळा पडतो, विळीही काळी पडते, ते आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून जुनी शाई करायचे ती हीच. पत्र्यावर गंज तसाच निळा-काळा होऊन बसतो. पण पोपड्यांवर हे फासून काही होत नाही, औषध वरचा थर काळा करतं आणि खाली बॅटरी मजेत चालू राहते. कोल्ड्रिंक ओतून गंज काढायचे व्हिडिओ आहेत, त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, पण इतकं थोडं की मुंग्या जास्त येतील.

जिथं पत्राच उरला नव्हता तिथं कापायचं. चाचांनी भोकापेक्षा चांगलं चार बोटं पुढपर्यंत कापलं, पांढरा पत्रा लागेपर्यंत, मामाचा जीव वरखाली. नवीन तुकडा ठोकून त्याला मडगार्डाची गोलाई दिली आणि सीओटू वेल्डिंगनं जोडायला घेतला. इथं बघण्यासारखं होतं. चाचा एक टाका इकडे मारायचे, मग वीतभर लांब दुसरा, मग विरुद्ध बाजूला तिसरा, आणि मध्ये चहा. मी विचारलं एका ओळीत का नाही मारत, तर म्हणाले पत्रा नाचतो. नाचतो म्हणजे असं की मीटरभर लोखंड ५०० अंशांनी तापलं तर साधारण ६ मिलिमीटर लांब व्हायला बघतं. आजूबाजूचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, मग तो मऊ झालेला भाग स्वतःतच दाबला जातो, आणि थंड होताना आखडतो तेव्हा तेवढा आखूड राहतो, भोवतीचा पत्रा खेचून लाटा पाडतो. टाक्याभोवती पिवळट मग निळा पट्टा उमटतो, निळा म्हणजे तिथं ३०० अंशांच्या आसपास पोचलं होतं. थर्मामीटर न लावता पत्रा स्वतःच तापमान लिहून ठेवतो. आखडलेली जागा मग मागे डॉली, म्हणजे लोखंडाचा हातात मावणारा ठोकळा, धरून हातोडीनं हळूहळू ताणायची, चाचा हे बघून नाही तर हात फिरवून करतात, डोळे मिटून.

बंपरचं प्रकरण वेगळंच. त्यावर क्रोमचा मुलामा, खाली निकेल, खाली लोखंड. लोकांना वाटतं मुलामा आहे म्हणजे सुरक्षित. पण निकेल लोखंडापेक्षा कमी झिजणारं, त्यामुळे मुलाम्याला सुईएवढं भोक पडलं की सगळा मार त्या एवढ्याशा लोखंडावर येतो आणि तिथं खोल खड्डा पडतो. जस्ताचं उलटं आहे. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजायला तयार असतं, ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त लोखंडासाठी मरतं. म्हणून वेल्डिंगच्या जोडांत आम्ही जस्ताचा प्रायमर मारला. बंपर मात्र परत मुलाम्यालाच द्यावा लागला, आणि हेडलाइटची दुसरी रिंग कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात मिळाली, माझी ॲसिडवाली रिंग आता पेपरवेट आहे.

रंगाआधीचा लाल प्रायमर, रेड ऑक्साइड, हा म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच, गेरूचा सख्खा भाऊ. गंजाला अडवायला गंजाचीच पूड! फरक एवढाच की ती पूड आधीच पूर्ण जळलेली आहे, तिला अजून द्यायला काही उरलेलं नाही, ती नुसती तेलात बसून वाट अडवते. तरी आम्ही पत्र्यावर थेट इपॉक्सी प्रायमर घेतला, कारण तो पाण्याला जास्त वेळ थोपवतो. पुट्टी त्याच्यावर, पातळ. पुट्टीत टाल्कम असतं, ती पाणी पिते, आणि आपल्याकडे तिच्यावरच वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मारून पाणी जिरवायची सवय. मडगार्डात बोटभर पुट्टी ज्यानं कुणी भरली त्यानं तिथं ओला स्पंजच कोंबला होता.

रंगासाठी आम्ही दसऱ्यानंतरपर्यंत थांबलो, मामा चिडला होता. नियम असा की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम. जुलैत मुंबईचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो, रात्रभर थंड झालेल्या पत्र्यावर सकाळी न दिसणारं पाणी बसलेलं असतं आणि आपण त्याच्यावर रंग मारतो, मग म्हणतो कंपनीचा रंग खराब.

शेवटी मडगार्डाच्या तळाची पाणी जायची भोकं, जी मागच्या कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून बुजवलेली, ती चाचांनी सायकलच्या स्पोकनं मोकळी केली आणि फटींत आतून मेण फवारलं. मामानं फ्रिजवरचा मॅग्नेट परत आणला. बोनेट टक्कन, ग्रिल टक्कन, उजवं मडगार्ड टक्कन. डाव्याच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर तो जरा घसरला आणि अडकला. मामानं चाचांकडे पाहिलं. चाचा बिडी शोधायला लागले.