चूळ भरताना ओघळलेलं पाणी

इंदूरला रामबागेत कुणाचं तोंड वाकडं झालं की पहिला दोष थंडीचा. ‘रात्री गाडीवर वारं लागलं असणार,’ म्हणत घरातलं कुणीतरी मफलर शोधायला लागतं. माझ्या मामाचंही तसंच झालं. सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून ओघळलं. मग पोह्यांचा घास गालात अडकून राहिला आणि वरून इतकं जिरावन, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरूनही जिभेच्या एका बाजूला ते फिकेच लागले.

चेहऱ्याची नस ही मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी. ती कानाजवळच्या हाडातल्या बोगद्यातून बाहेर येते आणि या बोगद्याची सगळ्यात चिंचोळी जागा एक मिलिमीटरसुद्धा रुंद नसते. नस सुजली तरी हाड काही मागे सरकत नाही, त्यामुळे ती चेंगरते. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारे तंतूही तिथलेच, म्हणून पोहे फिके. मेंदूच्या झटक्याने (स्ट्रोकने) तोंड वाकडं झालं, तर बहुधा कपाळावर आठ्या घालता येतात. मामाचं अर्धं कपाळ मात्र इस्त्री फिरवल्यासारखं सपाट होतं.

नेमकं कारण सापडलं नाही तर याला बेल्स पाल्सी म्हणतात. वर्षाला लाखात साधारण २० ते ३० जणांना ती होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा एचआयव्हीशी काहीही संबंध नसतो. तरी डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी लिहून दिली, तेव्हा मामीचा चेहरा मामापेक्षा वाकडा झाला होता.

तपासणीला कारण आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ असा त्रास होतो आणि त्याच सुमारास क्वचित चेहऱ्याची नसही सुजते, कधी दोन्ही बाजूंची. एरवी दोन्हीकडचा लकवा अगदी विरळा, म्हणून तो दिसला की डॉक्टर सावध होतात. गोची अशी, की तेव्हा शरीरात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, पुरेशा तयार झालेल्याच नसतात आणि फक्त त्या शोधणारी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. शंका असेल तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करायची, किंवा थेट विषाणू शोधायचा.

एचआयव्हीने पुढे प्रतिकारशक्ती ढासळल्यावर येणारा लकवा निराळा. त्यामागे कानात उठलेली नागीण, क्षयाचा मेंदूज्वर किंवा लिम्फोमा हा कर्करोग असू शकतो. तिथे नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवणं महागात पडतं. साध्या बेल्स पाल्सीत मात्र ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू झालेलं बरं, आणि न मिटणाऱ्या डोळ्याला थेंब, रात्री पट्टी.

सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते, तीही संमती घेऊनच. २०१७ च्या कायद्याने गुप्तताही राखावी लागते. मामाने समुपदेशकाला एकट्यात काय सांगितलं, ते मामीलाही ठाऊक नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पुन्हा बोलावलं नाही. दीड महिन्याने एका सकाळी मामा पोहे खाताना ठसकला आणि म्हणाला, ‘जिरावन जरा कमी घाल.’