मुक्तस्रोत प्रकल्प-इतिहासाचे जतन

मुक्तस्रोत (कोणालाही कोड पाहता व बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये कोणी, केव्हा व कशासाठी बदल केला याची नोंद टिकवून ठेवणे. ती नोंद प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर पूर्ण उतरवणारी वितरित साधने आणि प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्था यांवर हे काम चालते.

वितरित साधनांच्या उगमाबद्दल एकमत नाही. सारे श्रेय गिट या साधनाला (लिनस टोरवाल्ड्स, एप्रिल २००५) देण्याचा प्रघात आहे. तो तितकासा ग्राह्य वाटत नाही. सन कंपनीचे टीमवेअर हे तसेच साधन १९९०च्या दशकातले, बिटकीपर साधारण २०००चे. आशयाच्या हॅशवरून (आशयातून गणिताने काढलेल्या ठशावरून) आवृत्ती ओळखण्याची कल्पना मोनोटोनमध्ये (२००३) आधीच होती. लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या विकसकांना मिळणारा बिटकीपरचा मोफत परवाना काढून घेतला गेला, हे गिटच्या जन्माचे निमित्त. गिटमध्ये कमिटची (नोंदवलेल्या एकेका बदलाची) ओळख (मूळ पद्धतीत ४० चिन्हे) काढताना आधीच्या कमिटची ओळखही हिशेबात धरतात. मागे एक अक्षर फिरवले तरी पुढची सगळी साखळी बदलते. गंमत म्हणजे लिनक्सच्या गिट भांडारातली (कोड व त्याच्या इतिहासाच्या साठ्यातली) पहिलीच कमिट (१६ एप्रिल २००५) सांगते की, पूर्ण इतिहास हाताशी आहे, पण तो इथे आणलेला नाही.

संपूर्ण क्लोनचे (भांडाराच्या इतिहासासह उतरवलेल्या प्रतीचे) मोल कोकणात वेगळे पटवावे लागत नाही. निसर्ग चक्रीवादळानंतर (३ जून २०२०) श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात वीज आणि रेंज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी बॅटरी आहे तोवर ‘गिट लॉग’ (बदलांची यादी), ‘गिट ब्लेम’ (कोणती ओळ कोणी बदलली) चालतात, कमिटही होते; अडतो तो पुश (बदल सर्व्हरवर पाठवणे). चिपळूणच्या घरातला कुळवृत्तांत पुरात भिजला तरी देवरुखच्या चुलत्यांकडे दुसरी प्रत असते, तसेच हे. नेट संथ म्हणून ‘डेप्थ १’ (फक्त शेवटची कमिट) लावून क्लोन घेतला, तर मात्र इतिहास हाती येत नाही.

शिवाय बगनोंदी (दोषांच्या नोंदी) आणि चर्चा सहसा क्लोनमध्ये येत नाहीत. फॉसिल हे साधन त्या भांडारातच ठेवते, पण त्याचा प्रसार कमी. गिटोरियस (२०१५), गूगल कोड (२०१६) ही प्रकल्प ठेवण्याची संकेतस्थळे बंद झाल्यावर संस्थांची गरज ठळक झाली. फ्रान्सच्या इन्रिया या संगणक-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेले सॉफ्टवेअर हेरिटेज कोड इतिहासासह साठवते; सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी (२००६) प्रकल्पांचा पैसा व कायदेशीर बाजू सांभाळते.

सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादाच्या ‘एमआर डॉट पीओ’ फायलींत शेवटच्या अनुवादकाच्या नावाला ठरलेली जागा असते. आधीची नावे वरच्या टिपणीत कोणी ठेवली असतील तर मिळतात, नाहीतर जुन्या कमिट उलगडाव्या लागतात. त्यांतही पुष्कळदा फाईल चढवणाऱ्याचेच नाव सापडते.