भिवंडी शांत का राहिली?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. कशेळीच्या पुलापलीकडची भिवंडी मात्र शांत राहिली. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी आणि पुन्हा १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिलेलं हे यंत्रमागांचं गाव. आता तर ते पेटणारच, असं कुणीही म्हटलं असतं.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधायला घेतल्या. सणावाराच्या तोंडावर पुढाऱ्यांना चहा पाजणाऱ्या शांतता समित्यांहून या वेगळ्या होत्या. इथे वस्तीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान, पोलिसांसोबत नियमित बसत. अफवा आली की ती खरी का, हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचं माणूस असे.

हे उदाहरण राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या संशोधनात येतं. त्यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद केली. खेड्यांतले मृत्यू चार टक्क्यांहूनही कमी निघाले आणि जवळजवळ निम्मे मृत्यू अवघ्या आठ शहरांत. मग त्यांनी शहरांच्या जोड्या लावल्या, उदाहरणार्थ अलीगढ आणि कालिकत. दोन्हीकडे हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं. अलीगढ पेटतं, कालिकत नाही. असं का? ईदला शिरखुर्मा, दिवाळीला फराळ, एवढा शेजारधर्म खेड्यात पुरतो. शहरात, तणाव वाढला की, तो तोकडा पडतो. तिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब अशा मिश्र सभासदांच्या संस्था लागतात, कारण दंगलीत त्यांचं स्वतःचं नुकसान असतं.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. दुसरे राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन विल्किन्सन यांच्या मते राज्य सरकारला दंगल थांबवायची आहे की नाही, यावर सारं ठरतं आणि ती इच्छा मतांच्या गणितातून येते. मला भिवंडीत दोन्ही बाजू दिसतात: समित्या लोकांच्या, पण सुरुवात खाकीची.

पण अशा वादात दोन्ही बाजूंना बोलतं करणारा मध्यस्थ कोण असावा? पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातलं उत्तर ठरलेलं: ज्याचं कुणाशी नातं नाही, असा तटस्थ परका. अमेरिकन मध्यस्थ आणि अभ्यासक जॉन पॉल लेडराक १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेत काम करत होते. निकाराग्वातलं सरकार आणि मिस्किटो आदिवासी यांच्यातल्या बोलण्यांत त्यांना उलटं दिसलं. लोकांचा भरवसा होता तो आतल्या माणसावर. तो एका बाजूच्या जवळचा असला तरी चालेल, पण तडजोडीनंतरही त्याला तिथेच राहायचं असतं. गावच्या बैठकीत बसलेल्या कुणाही मराठी माणसाला यात नवं काही वाटणार नाही. शास्त्राला मात्र ते मान्य करायला वेळ लागला.

ओळख नसली की काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. शस्त्रकपातीचा एकच प्रस्ताव अमेरिकनांपुढे ठेवला. तो त्यांचेच अध्यक्ष रेगन यांचा आहे म्हटल्यावर सुमारे ९० टक्के लोकांना बरा वाटला, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा म्हटल्यावर फक्त ४४ टक्क्यांना. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला की हा प्रयोग फुकट पाहायला मिळतो. ठराव काय आहे यापेक्षा तो कुठल्या विंगने आणलाय, हे आधी विचारलं जातं.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात अशा वस्तीतल्या वादांसाठी 'सामुदायिक मध्यस्थी' आली आहे. दोन्ही पक्षांची संमती असेल तर तीन मध्यस्थांचं मंडळ बसतं. पण त्यातून झालेल्या समझोत्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद नाही. म्हणजे तो पाळला जाईल तो त्या तिघांच्या शब्दाला वस्तीत वजन असेल तरच. ठाणे-नवी मुंबईच्या नव्या टॉवरांत, जिथे समोरच्या फ्लॅटमधल्याचं आडनावही पाटीवरूनच कळतं, तिथे असे तिघे आधी तयार करावे लागतील, आणि तेही भांडण नसताना.