लग्नचौकातली पालघाट साडीच्या लेबलावर

‘लग्नचौक पल्लू’, ‘तारपा बॉर्डर’, ‘पालघाट’ अशी नावं वारली नक्षीच्या कपड्यांना शोभून दिसतात, पण त्यांतलं एकही नाव मुळात कपड्याचं नाही. डहाणू-तलासरी-जव्हारकडच्या वारली घरांत चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, लिहिला जातो तो लग्नासाठी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून, सुवासिनींच्या हातून. मधोमध पालघाट ही लग्नाची देवी, लहान देवचौकात पाच शिरांचा देव पंचशिऱ्या. धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी आणि हा चौक, यांशिवाय लग्न लागत नाही.

१९७०च्या दशकात भिंतीवरची चित्रं कागदावर आली, पुरुषही ती काढू लागले. पुढे भेटकार्डं, मग कपडा.

कपड्यावर पीठ टिकत नाही. हाताने रंगवताना पांढरा फॅब्रिक रंग वापरतात आणि वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवतात. गडद कापडावर स्क्रीन प्रिंट करायची तर पांढरा पिगमेंट घट्ट लागतो, आणि सुमारे १५० अंशांवर तीन ते पाच मिनिटं तापवला नाही तर धुताना तडकतो. खरी गोची मात्र रचनेत होते. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्या तालावरच्या तारपा नाचाची रांग उघड्या गुंडाळीची असते. तारपावाला मध्ये, नाचणारे त्याच्याकडे पाठ न करता फिरतात. बॉर्डरसाठी ठरावीक मापाचा तुकडा पुनःपुन्हा छापताना गुंडाळी कापली जाते, तिचं बंद कडं होतं आणि तारपावाला गळतो. लेबलावर ‘तारपा’ तेवढा राहतो.

नावाच्या वादाची गाठ आहे ती भौगोलिक निर्देशनाच्या, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाचं नाव राखणाऱ्या, कायद्यात. १९९९चा कायदा २००३मध्ये लागू झाला आणि त्याखाली पुढे ‘वारली पेंटिंग’ची नोंद झाली. नोंद पेंटिंगची, मग छापलेली साडी त्यात येते का? कारखानदार म्हणतो, नाही. चित्रकार म्हणतात, नाव आमचंच वापरता ना! कायद्याच्या २२व्या कलमात, सरकारने खास अधिसूचित केलेल्या मालापुरतं, ‘शैली’, ‘प्रकार’ किंवा ‘नक्कल’ असे शब्द जोडूनही नाव वापरता येत नाही. इतर मालाच्या बाबतीत मूळ स्थानाविषयी ग्राहकाची दिशाभूल झाली किंवा अनुचित स्पर्धा झाली, हे दाखवावं लागतं. ‘वारली शैली’ हे दोन शब्द म्हणूनच इतके लाडके आहेत. २५वं कलम नोंदणीकृत निर्देशनाचा ट्रेडमार्क होऊ देत नाही, पण ते अडवतं ‘वारली’ला, ‘पालघाट’ किंवा ‘तारपा’ ही नावं त्या नोंदीत नाहीत. धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाला ट्रेडमार्क कायदा नकार देतो खरा, पण हरकत घ्यायला कुणीतरी मुदतीत उभं राहावं लागतं, आणि पाड्यावर ट्रेडमार्कच्या अर्जाची जाहिरात वाचतो कोण? २०००च्या डिझाइन कायद्याचा इथे उपयोग नाही: तो दिसणं राखतो, नाव नाही, शिवाय आधीपासून लोकांपुढे असलेल्या चौकाला नवं म्हणता येत नाही.

म्हणून जाणकार उत्पादक दोन पथ्यं पाळतात. देवीचं नाव आणि चित्र निऱ्यांच्या खालच्या काठावर, पायाशी येईल असं घेत नाहीत. घेतलंच तर पदरावर. आणि लेबलावर हाताने रंगवलेलं की छापील हे लिहितात, हाताचं असेल तर चित्रकाराचं नाव आणि पाडाही देतात. छापील मालाला ‘तारपा’ऐवजी नुसतं ‘नाच’ म्हटलं तरी साडी विकली जाते.