चिनी विद्यार्थी दिवा ‘ओपन’ का करतात?

‘ओपन द लाइट’ हे वाक्य चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्रास येतं. सिंगापूरच्या बोली इंग्रजीत तर ते मुरूनच गेलं आहे. त्यावर शिक्षकांचा उपदेश ठरलेला: मनात भाषांतर करू नका, इंग्रजीतच विचार करा. ‘तीस दिवसांत इंग्रजीत विचार’ शिकवण्याच्या जाहिराती याच उपदेशावर चालतात. पण भाषांतर थांबवणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि हे प्रयोगातून दिसलेलं आहे.

आधी चूक पाहू. चिनीत, म्हणजे मँडरिनमध्ये, ‘खाइ’ हे क्रियापद दार उघडण्यासाठी वापरतात. दिवा लावणं, गाडी चालवणं, बैठक घेणं, डॉक्टरने औषध लिहून देणं, या सगळ्यांतही तेच येतं. उलट बाजूने ‘क्वान’, म्हणजे बंद करणं, दारालाही चालतं आणि दिव्यालाही. ‘ओपन म्हणजे खाइ’ असं पाठ केलं की उच्चार नवा येतो, अर्थाचा पसारा जुनाच राहतो. मराठी माणूस यात अर्धाच अडकतो. आपण दार उघडतो आणि दिवा लावतो, म्हणून ‘ओपन द लाइट’ आपल्याला खटकतं. बंद मात्र दोन्ही करतो, त्यामुळे ‘क्लोज द लाइट’ आपल्याकडेही ऐकू येतं.

डोक्यात शब्दाचे दोन भाग असतात. एक रूप, म्हणजे उच्चार आणि स्पेलिंग; दुसरा अर्थ आणि व्याकरण, ज्याला ‘लेमा’ म्हणतात. परकी भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक नान जिआंग यांनी २००० साली मांडलं की परक्या भाषेतला शब्द तीन टप्प्यांतून जातो. सुरुवातीला नुसतं रूप असतं आणि ते मातृभाषेतल्या शब्दाकडे बोट दाखवतं. वापर वाढला की मातृभाषेतला लेमा त्या रूपाच्या रिकाम्या जागेत येऊन बसतो. तिसऱ्या टप्प्यात शब्दाला स्वतःचा अर्थ मिळतो, पण बरेच शब्द दुसऱ्यातच थिजतात, कारण तेवढ्यावर काम भागतं. २००२ साली त्यांनी इंग्रजी येणाऱ्या चिनी भाषकांची चाचणी घेतली. ‘प्रॉब्लेम’ आणि ‘क्वेश्चन’ या दोहोंना चिनीत ‘वन्थी’ हा एकच शब्द आहे. असा समान प्रतिशब्द असलेल्या जोड्या चिनी भाषकांना इतर जोड्यांपेक्षा अर्थाने अधिक जवळच्या वाटल्या. मूळ इंग्रजी भाषकांना तसा फरक जाणवला नाही.

त्याहून थक्क करणारा प्रयोग वेल्समधल्या बँगर विद्यापीठातला, २००७ सालचा. थिएरी आणि वू यांनी चिनी भाषकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या देऊन विचारलं, यांचा अर्थ संबंधित आहे का? चिनी शब्द समोर एकही नव्हता. पण काही जोड्यांच्या चिनी प्रतिशब्दांत एक चित्राक्षर समान होतं. ‘ट्रेन’ला चिनीत ‘ह्वो-छ’ म्हणतात, आपल्या आगगाडीसारखंच, ‘हॅम’ला ‘ह्वो-थ्वेइ’. दोन्हींत ‘ह्वो’ म्हणजे आग. उत्तरांवर याचा परिणाम दिसला नाही, विद्यार्थ्यांना काही जाणवलंही नाही. मेंदूच्या विद्युत्-आलेखात मात्र शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी येणारी ‘एन४००’ ही लहर अशा जोड्यांवेळी बदलली. चिनी शब्द आत जागा झालाच होता.

म्हणून शिकवताना क्रियापद सुटं देऊ नये, नामासकट द्यावं. झाकण, दार, डोळे, पाकीट, बँकेतलं खातं, संगणकातली फाइल यांना ‘ओपन’. वीज, पाणी, गॅस यांचा प्रवाह सुरू होत असेल तर ‘टर्न ऑन’; म्हणून नळ आणि टीव्हीही त्यातच. फोन ‘टर्न ऑन’, पण त्यातलं ॲप ‘ओपन’. गाडीला ‘ड्राइव्ह’, बैठकीला ‘होल्ड’. ‘ओपन अ मीटिंग’ चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ बैठकीला सुरुवात करून देणं एवढाच. चूक स्पष्ट दाखवावीही लागते. ‘टर्न ऑन’ शंभरदा ऐकूनही दिव्याला ‘ओपन’ चालत नाही हे कळत नाही, कारण वर्ज्य शब्द कानावर पडतच नसतो.

‘ओपन’ विशेषण म्हणून वापरताना आणखी एक खोच आहे. दुकान उघडं असेल तर ‘इज ओपन’, ‘ओपन्ड’ नव्हे. बंद असेल तर मात्र ‘इज क्लोज्ड’. ‘इज क्लोज’ लिहिलं की दुकान जवळ आहे असा अर्थ होतो. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी ‘न्’, ‘ङ्’ आणि क्वचित ‘र्’ एवढीच व्यंजनं येतात, म्हणून शेवटचा ‘ड’ बोलताना गळतो आणि मग लिहितानाही. ‘क्लोज्ड ऑन मंडे’ असं सलग म्हणून घ्यावं. पुढच्या ‘ऑ’ला जोडला गेला की तो ‘ड’ तोंडात बसतो.